दिल्याचं जड इंग्रजी

आमच्या दिल्याला ओळखता ना? साकीनाक्याच्या एका कंपनीत क्लार्क असताना रोज डिक्शनरीतले अवघड शब्द पाठ करायचा. मुलुंडला मुलगी बघायला मला सोबत घेऊन गेला. पोहे झाल्यावर त्यांच्या नव्या रंगीत टीव्हीशेजारी उभा राहून असलं जड इंग्रजी बोलला, की मुलीचे वडील भारावलेच. त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

जिन्यात दिल्या रडवेला. "अरे, मी नकार दिला होता!"

"मग मराठीत दे ना जाऊन!"

"तोंडावर नाही कसं म्हणू यार?"

लग्न झालं. पुढे एकदा मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला तरी कळलं होतं का ते?"

"सगळं. म्हटलं, साधं 'नाही' म्हणायला ज्याला एवढे शब्द लागतात, तो मला जन्मात 'नाही' म्हणायचा नाही."