खंदकातली गुळगुळीत दाढी

हलू नकोस — हलू नकोस म्हणतोय तर मान कसली डोलवतोस? असेच कापायचे ना, मोबाइलमध्ये दाखवलेस तसे? बाजूने सफाचट, वर चार बोटं केस, तेल लावून मागे. मेलाय तो, माहितीये ना? ज्याचं हे डोकं आहे तो नट तुझ्या बापाच्या जन्माआधी मेला. असू दे. गिऱ्हाईक म्हणेल तसं कापायचं, आपल्याला काय. काल तुमच्या टोळीतला तो चष्मेवाला आला, त्यालाही हेच हवं. माझी पोरगी म्हणाली, माझेही असेच कापा — तिला हाकलून दिली. एक सिनेमा काय बघितला, सगळे निघाले लढाईवर.

मला एक सांग, काय दिसतं रे तुम्हाला त्यात? रंग नाही, गाणं नाही, अर्धा वेळ नुसता धूर. आणि वर तोंड करून सांगता — आता तसं कुणी बनवत नाही, काका. तुम्हाला कळली लढाई. माझी पोरगी झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढते, पण कुठली तुकडी कुठून वळली आणि रणगाडा कुठल्या पुलावर अडकला, ते तोंडपाठ. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि रडता म्हणे. म्हणे काय — ऐकू येतं मला. नाकं शिंकरता ते जिन्यापर्यंत येतं.

आणि जागा कुठली सापडली? दुकानाच्या वरची, माझ्या बापाची खोली. का, तर भिंत मोठी आहे, पांढरी आहे, सिनेमाचं चित्र छान पडतं. त्या खोलीत ऐंशी ओलांडलेला माणूस राहतो, तो खऱ्या लढाईत जाऊन आलाय, हे एकाच्या तरी डोक्यात यावं? आमच्या घरात कायदा होता, आईचा. बंदुकीचा आवाज घरात नको. टीव्हीवर तसलं काही लागलं की मी उठायचं आणि बटण दाबायचं. शाळेत लढाईचा धडा होता, तो मी संडासात बसून पाठ केला — बाबांच्या कानावर जायला नको. आई गेली तरी आम्ही तेच चालवलं. जन्मभर जपलं त्या माणसाला, काचेचं भांडं जपावं तसं. आणि तुम्ही आलात, भिंतीवर तोफा सोडल्यात, आणि ते काय म्हणाले? आवाज वाढवा. माझा बाप म्हणाला, आवाज वाढवा.

मी बघत नाही हं. मला काय करायचंय. टॉवेल वाळत घालायला जिन्यावर जावं लागतं, तेव्हा दिसतं तेवढंच. पण तेवढंही पुरतं. त्या परवाच्या सिनेमात — महिनाभर खंदकात पडलेत, चिखल, उंदीर, पोटात अन्न नाही, आणि त्या हीरोचा गाल बघितलास? गुळगुळीत. एक खुंट दिसेल तर शपथ. इथेच कळतं सगळं खोटं आहे ते. हा माझा धंदा आहे, यात मला शिकवू नकोस. तुम्ही आपले बसा खुळ्यासारखे टिपं गाळत, आणि — काय? बाबा म्हणाले? करायचे? खंदकात?

थांब, मान सरळ ठेव. म्हणजे ते खरंच होतं. ऐकलं होतं मी थोडं. चढाईच्या सकाळी ज्याला त्याला दाढी हवी असायची, आणि ती बाबा करायचे — एवढं ऐकलं. मग एक पोरगा येऊन खोक्यावर बसला, असं सांगत होते, आणि तुमच्यातल्या कुणा शहाण्याने दार लोटलं. का, तर उजेड येतो. पुढे काय झालं? सहज विचारतोय, मला काही पडलेली नाही. पोरीला विचारलं तर म्हणते, तुम्हीच विचारा ना आजोबांना. विचारा म्हणे. अर्धा जन्म शेजारशेजारच्या खुर्च्यांवर काम केलं आम्ही बापलेकांनी, ‘ते कापड दे’च्या पलीकडे शब्द — बोल ना लवकर. तुझ्या तोंडाला काय फेस फासलाय मी?

मिसरूडही फुटलं नव्हतं? मग काय करायची दाढी? बरं. फेस लावला. बरं. आणि वस्तऱ्याची पाठ फिरवली गालावरून, धार नाही. त्याला कळलं असणार रे. पण बाकीचे बघत होते ना, सगळ्यांसारखी आपलीही झाली पाहिजे. हं. हनुवटी धरून केली, असं म्हणाले? आणि तो परत — नको. नको सांगूस. कळलं.

आता गंमत ऐक. मी तेराचौदाचा असेन. भरदुपार, दुकान रिकामं. चढलो खुर्चीवर, आपल्याच हाताने गालांना फेस फासला आणि म्हटलं, बाबा, माझी करा. पोरकटपणा रे, दुसरं काय. त्यांनी वस्तरा उचलला. हनुवटी धरली माझी — आणि वस्तरा ठेवून बाहेर निघून गेले. फेस वाळला माझ्या गालावर. मग पुन्हा कधीच नाही. गल्लीतला एकेक बाप्या त्यांच्या हाताखालून गेला, आणि मी लग्नाच्या दिवशीसुद्धा माझी मीच केली. मला वाटायचं, आपण नकोसे आहोत त्यांना. वाटायचं कसलं, खात्रीच होती. म्हणून मीही तुटक राहिलो. आजारी पडले तेव्हा औषध ठेवायचो टेबलावर आणि खाली यायचो. आणि तुम्हाला, चार टवाळ पोरांना, फुकटच्या सिनेमापायी ते —

तोंड काय वासून बसलास? नाही, रविवारी तुमच्या सिनेमाला येणार नाही मी. तुमच्या रांगेत बसून नाक शिंकरू? ऊठ. हो, एक बाजू राहिलीये, दिसतंय मला. टोपी घाल. तसंही अर्धवट डोक्याने फिरायची सवय आहेच तुम्हाला. उद्या ये. आत्ता दुकान बंद. बंद म्हणजे बंद, दिवसाढवळ्या बंद, तुला काय करायचंय? मला वर जायचंय. नीघ.