पहिली बारा मिनिटं

“वरच्या खुर्चीत बसून आमच्या गावचं अग्निशमन केंद्र बंद करायला निघालात, आग कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?”

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेत बोलणाऱ्यांची नावं लिहून घेणाऱ्या ग्वेनने मान वर केली. रांगेत पुढे वर्ना आजी व्यासपीठावरच्या सभासदांवर ओरडत होती, तिच्यामागे एक दाढीवाला.

“आजी, शहरातून पगारी जवान येतातच की,” दाढीवाला म्हणाला.

“येतात, देव त्यांचं भलं करो. पण बारा मिनिटांनी. जानेवारीत आमचं घर पेटलं, तेव्हा आमच्या केंद्राचा स्वयंसेवक क्लाइड चौथ्या मिनिटाला बंब घेऊन दारात! अंगावर दुकानातला ॲप्रन तसाच.”

“फुकट राबणारा खाटीक तो. त्याला आगीतलं काय कळतं?”

“आमच्या तळ्यावरचा बर्फ कुठे पातळ असतो ते कळतं. पगारी पोरं आली तोवर त्याने तिथे बर्फ फोडून नळीला पाणी लावलं होतं. त्यांचा साहेब म्हणाला, ‘क्लाइड, पाणी तू सांभाळ, आत आम्ही जातो.’ पोरं मुखवटे चढवून धुरात शिरली आणि माझ्या नवऱ्याला, एमेटला उचलून घेऊन आली.”

“मग वाचवलं कुणी?”

“दोघांनी, बाबा! म्हणून तर केक एकच भाजला, परातीएवढा. सगळ्यांनी एका टेबलावर बसून फस्त केला.”

“आजी, नाव सांगा,” ग्वेन म्हणाली.

“माझं नाव नंतर. आधी प्रश्न लिही, पोरी. क्लाइडचा बंब नेलात, तर पहिली बारा मिनिटं माझ्या दारात कोण उभं राहणार? त्याचं नाव मला आज हवंय!”