दोघांत एक जोडी

(ट्रॉय, मिशिगन, २००५. स्कीच्या दुकानात दिगंबर आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी सावनी.)

दिगंबर : ...म्हणून म्हणतो, दोघांत हीच एक जोडी घेऊ. लांबी मधली, टणकपणा मधला. तुला जराशी मोठी, मला जराशी छोटी.

सावनी : म्हणजे दोघांनाही चुकीची.

दिगंबर : थोडी थोडी चुकीची. संसारात तेवढं चालतं. घरात एक छत्री तिघं वापरतोच ना आपण?

सावनी : बाबा, ही छत्री नाहीये. ती दुकानातली बाई सारखी विचारतेय, हू इज दिस फॉर, आणि तू दर वेळी 'फॅमिली' म्हणतोस.

दिगंबर : खोटं काय त्यात? तासभर तू वापर, तासभर मी. मला तर तासही लागत नाही. दोन मिनिटं घसरतो, बाकीचा वेळ उठण्यात जातो.

सावनी : लास्ट वीक तू टेकडीवर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीतून उतरतानाच पडलास. त्यांना लिफ्ट थांबवावी लागली.

दिगंबर : लोकांना जरा विश्रांती मिळाली. माझ्या स्की शिकायच्या क्लासमधल्या एका चिमुरडीने हात देऊन उठवलं मला. वर्गात नंबर शेवटचा असला, तरी ओळखी चांगल्या आहेत माझ्या.

सावनी : ओके, लिसन. या अरुंद, मऊ. टेरेन पार्कसाठी. उड्या मारायच्या, रेलवरून घसरायचं, तेवढंच. साध्या उतारावर थरथरतात. त्या रुंद, ऑल-माउंटन. सगळीकडे चालतात, पण पार्कात जड पडतात. मला पार्कवाल्या हव्यात.

दिगंबर : ऑल-माउंटन म्हणे. मिशिगनमध्ये माउंटन आहे कुठे? आपली ती टेकडी पर्वतीपेक्षा बुटकी. पर्वती मी शाळेत असताना पळत चढायचो. इथे नुसतं उतरताना आडवा होतो.

सावनी : सो, कॅन आय गेट दीज?

दिगंबर : घे की. फक्त दोघांना चालेल अशी घे.

सावनी : नाही चालणार, यार! हे बाइंडिंग, बूट अडकतो ते, वजन बघून सेट करतात. पडलं की बूट सुटायला हवा. माझ्या सेटिंगवर तू गेलास तर नुसत्या वळण्यानेच सुटेल.

दिगंबर : सुटू दे. तेवढंच माझं काम हलकं.

सावनी : आणि तुझ्या सेटिंगवर मी रेलवरून पडले, तर सुटणारच नाही. माझा गुडघा जाईल.

दिगंबर : ...हे आधी का नाही सांगितलंस?

सावनी : गाडीत सांगितलं. तू एक्झिट चुकला होतास, तेव्हा.

दिगंबर : बरं, ठेव ती. तुझ्या मापाची काढायला सांग, पार्कवालीच. मी बसेन आत, हीटरजवळ. आईने थर्मासमध्ये चहा दिलेला असतोच.

सावनी : मग इतका वेळ हट्ट कशाला? तू कंजूस नाहीयेस. गाडीला सनरूफ घेतलंस, ते कधी उघडतही नाहीस.

दिगंबर : हसशील तू.

सावनी : ऑलरेडी हसतेय.

दिगंबर : जोडी एकच असती, तर तासातासाला तुला खाली यावं लागलं असतं. बदलायला.

सावनी : सो?

दिगंबर : सो काय? गाडी पार्क केली की तू जी गायब होतेस, ती एकदम घरी निघताना दिसतेस. आठवडाभर मी शनिवारची वाट बघतो, आणि शनिवारी त्या चिमुरडीशी गप्पा मारतो. ती तरी किती बोलणार माझ्याशी? म्हणून हा प्लॅन. मला तर बिनतोड वाटला होता. ऑफिसात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस मी. स्वतःला थांबायला कुंपण लागतं, तो भाग वेगळा.

सावनी : त्या रुंद दाखवायला सांग.

दिगंबर : ऑल-माउंटन? अगं, तुला पार्कवाल्या हव्या होत्या.

सावनी : पार्कात नेईन या. जड आहेत, मॅनेज करीन. बघ, मागचं टोकपण वर वळलंय, म्हणजे उलटं जाता येतं. लंचनंतर तू रेंटल घे. सोप्या उतारावर जाऊ. मी पुढे उलटी जाईन, तुझ्याकडे तोंड करून.

दिगंबर : तुझ्या मैत्रिणी बघतील.

सावनी : बघू देत.

दिगंबर : आणि मी पडलो तर?

सावनी : पडणारच आहेस, बाबा. मी थांबेन ना.