धोंडूचं पानी

कमळी : थांबव, थांबव! ही धोंडू न्हाय.

कौस्तुभ : अगं मावशी, आईच आहे. तुझ्या हळदीची तीच कॅसेट.

कमळी : पयल्या दोन ओळी तिच्या. तिसरी कोनाची?

कौस्तुभ : तिचीच... म्हणजे, आवाज तिचाच.

कमळी : धोंडू जन्मभर 'पानी' म्हनायची. ही कोन बया शाळेतल्या बाईसारखी 'पाणी आणलं गो' म्हनते?

कौस्तुभ : तिथे टेप चुरगळलेली होती. एक ओळ गेलीच. मग एआयला आईचा आवाज ऐकवला, शब्द लिहून दिले. त्याने गायली.

कमळी : मेलेल्या मानसाकडनं गाऊन घेतलंस?

कौस्तुभ : असं नको ना बोलू.

कमळी : मग कसं बोलू? कोनाला सांगनार तरी होतास का?

कौस्तुभ : खरं सांगू? नव्हतो. वालीवच्या कारखान्यातली नोकरी सोडून गाण्यात पडलो, त्यातलं हे माझं पहिलं स्वतःचं काम. शुक्रवारी नेटवर टाकायचंय, आईच्या नावाने. मधेच भोक पडलेलं गाणं कोण ऐकणार? आणि... मलाच ऐकायचं होतं गं. आईचा एवढाच आवाज उरलाय. वाटलं, एक ओळ जास्त मिळेल.

कमळी : ये रे, इथं बस. मला काय ती नको झालीय?

कौस्तुभ : म्हणजे एआय वापरायलाच नको होतं.

कमळी : तसं कुठं म्हटलं? टेपमधनं तो मांडवातल्या जनरेटरचा आवाज कोनी काढून टाकला?

कौस्तुभ : त्यानेच.

कमळी : मग ते बेस केलंस! मेला सारखा भुंकत होता. माझ्याच हळदीत मला धोंडूचं गानं धड ऐकू आलं न्हवतं. आज आलं. पन तिच्या तोंडात दुसऱ्याचं पानी नको.

कौस्तुभ : काढतो. हे बघ, गेली ती ओळ. आता तिथे नुसतं रिकामं ठेवू?

कमळी : ती ओळ मुळात कोनाची, ठाव हाय? धोंडूने दोन म्हनायच्या, तिसरी मी उचलायची. गावातल्या सगळ्या लग्नांत तसंच. त्या दिवशी मीच नवरी, तोंडभर हळद लावून बसलेली. बिचारी एकटीच म्हनत गेली.

कौस्तुभ : मग आता म्हण ना! माइक बॅगेतच आहे.

कमळी : चल, कायतरीच! आवाज फाटलाय माझा.

कौस्तुभ : फाटू दे. एआयला त्याला हातसुद्धा लावू देणार नाही.

कमळी : आन खाली लिहिनार काय?

कौस्तुभ : टेप साफ केली एआयने. गायल्या दोघी बहिणी.

कमळी : ...ते दार लोट, कोंबड्या वरडतायत. हां. लाव आता. धोंडू थांबली की मी उचलते.