मोज्याची जागा

— नाही नाही, त्या स्टुलावर नको, तो लंगडा आहे. हसू नका की ओ. पाय बनवण्यात अर्धी जिंदगी गेलेल्या माणसाच्या दुकानात स्टूल लंगडा, सगळेच हसतात. इकडं खुर्चीवर बसा, त्या प्लास्टिकच्या शीटा खाली ठेवा — राहू द्या, मीच ठेवतो. मला वाटलंच होतं तुम्ही येणार. म्हणजे आज येणार असं नव्हतं वाटलं, नाहीतर दाढी केली असती. केसांत बघा, सगळा भुसा. पण बरं झालं, सत्यमराव, माणूस आहे तसा दिसलेला बरा. तुमची आई म्हणाली होती, सत्यम पुण्याहून दिवाळीला आला की त्याच्याशी बोलते. तुम्ही दिवाळीच्या आधीच आलात, म्हणजे ती फोनवरच बोलली. हाव ना? थांबा, थांबा, लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही बोललात की मला घाम सुटंल. हो म्हणायचं का नाही, ते शेवटी. तुमच्या एका शब्दावर अडलंय सगळं, मला माहीत आहे, म्हणून तर आधी माझं ऐका. चहा? नको. पाणी? बरं, पाणी पण नको.

ही भट्टी बघून राहिले का? ही बेकरीची आहे. खारी भाजायची. ती बेकरी बंद पडली, मी उचलून आणली. अजून तापली की पहिल्यांदा खारीचाच वास येतो, मग प्लास्टिकचा. आत शीट लावलीय बघा, काचेतून दिसतंय — बेंगळुरूच्या एका साहेबांच्या कॉम्प्युटरचं झाकण आहे. लोकांना जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद असतो, खरं सांगतो, आपल्याला माहीतच नव्हतं असली माणसं असतात. ज्याला भंगारवाला हात लावत नाही, त्याची ते पूजा करतात. आत सगळं चांगलं असतं, पण वरचं झाकण फुटलेलं, तडकलेलं, हरवलेलं, आणि कंपनी तर केव्हाच बंद. मग ते मला धाडतात. मी लाकडाचा साचा करतो, वरून प्लास्टर, घासून गुळगुळीत. शीट भट्टीत लावायची चौकटीत अडकवून. आधी काही होत नाही. मग जराशी लाट येते. मग मधोमध झोळी पडायला लागते, बाळाच्या झोळीसारखी — तेव्हा उचलायची आणि साच्यावर टाकायची, खालून हवा ओढायची. हवा ओढायला काय आहे, सांगा? घर झाडायचं मशीन. ते मशीन घूं करतं आणि शीट साच्याला अशी घट्ट बिलगते — असो. घट्ट बसते, म्हणायचं होतं मला.

शिकलो कुठं? हे विचारायला पाहिजे तुम्ही, माणूस कोण, कुठला, हे विचारायचं असतं. भूकंपानंतर शिकलो. लातूरला तेव्हा बाहेरून डॉक्टर लोक आले होते, पाय बसवायचं शिबिर लागलं, मी पोस्टर रंगवायला गेलो होतो आणि राहूनच गेलो. महेबूब मास्तर होते तिथं, हैदराबादकडचे. त्यांनी हाताला धरून शिकवलं. माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, त्यावर गरम प्लास्टिक ओढायचं. पहिलंच गिऱ्हाईक — गिऱ्हाईक नाही म्हणू, मास्तर रागवायचे — पहिल्याच पार्वतीबाई, औशाकडच्या. मी असा नेमका, असा चोख बसवला पाय, की सकाळी त्या चालत गेल्या आणि दुपारी शिव्या देत परत आल्या. पायाला सूज येते ना, आणि आत लोकरीचा मोजा घालायचा असतो. मास्तर म्हणाले, "गुंडप्पा, मोजे की जगा छोड. आदमी का बदन है, दिनभर एक सरीका नहीं रहता." तेव्हापासून प्लास्टरच्या साच्यावर आधी मोजा चढवायचा, मगच शीट. हाताला सवयच लागली. डोळे झाकून केलं तरी हात आधी मोजा शोधतो.

मग शिबिरं सरली. आणि क्लासेस आले. अय्यो, काय आले हो. गल्लीत दोन, गल्लीच्या तोंडाशी चार. प्रत्येकाला बोर्ड पाहिजे, उठावाची अक्षरं पाहिजेत, पहिल्या आलेल्या पोराचा फोटो मोठा पाहिजे. मी तीच भट्टी, तीच शीट, अक्षरं वाकवून देऊ लागलो. तुमचे बाबा ज्या क्लासमध्ये टायपिंगला होते, त्याचा बोर्ड माझाच होता. पण त्यांना, विश्वंभर सरांना, मी ओळखत नव्हतो, तेवढं सांगून ठेवतो. एकदाच पाहिलं असेल, मी शिडीवर होतो, ते आत टायपिंग करत होते, मान वर पण केली नाही. पेपरच पेपर टाइप करायचे ना ते. नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा क्लासवाल्यांनी जुना त्यांना देऊन टाकला, आणि तुम्ही त्यावर एबीसीडी शिकलात. एबीसीडी नाहीच खरं तर. उत्तराचे चार पर्याय टाइप करून करून ए, बी, सी, डी चारही बटणं पुसून गेलेली, म्हणून तुम्ही म्हणे ई पासून सुरू करायचे. शाळेत बाई म्हणाल्या, ई फॉर एलिफंट आधी काय येतं, तर तुम्ही म्हणालात, काही नाही येत. आईनं सांगितलं हे. सांगताना तिला इतकं हसू येत होतं, की — पण ते नंतरचं. क्रमानं सांगतो.

ती आली ते कॉम्प्युटरचं मशीन घेऊन. रिक्षातून, मांडीवर धरून. सर गेल्यावर नव्या घरी सामान हलवताना टेम्पोत झाकण फुटलं होतं. म्हणाली, चालू नाही झालं तरी चालंल, पण उघडं बघवत नाही. मी म्हणालो, ताई, करून देतो. हाव, ताईच म्हणालो. सगळ्याच बायकांना ताई म्हणतो की मी. ती मला गुंडप्पाभाऊ म्हणाली. आता बघा, माणसाच्या नशिबात काय काय असतं. झाकण केलं. सुंदर झालं. रंग जुन्यासारखा, किंचित पिवळट. ती न्यायला आली, मी ऐटीत झाकण बसवलं, आणि मशीन हलवलं तर खडखडखडखड. सगळीकडून सैल. मला कळंनाच. मग उजेड पडला — मी प्लास्टरवर मोजा चढवला होता! कॉम्प्युटरला मोज्याची जागा सोडली होती मी! आता काय करता? तोंडावर पडलो होतो, काहीतरी करायला पाहिजे म्हणून कपाटातनं शिबिरातला एक लोकरीचा मोजा काढला आणि मशीनला घातला, वरून झाकण. बसलं की चोख. तुमची आई बघतच राहिली. मग म्हणाली, "गुंडप्पाभाऊ, याला थंडी वाजते का?" आणि जी हसायला लागली. पायरीवर बसली हो ती. पदर तोंडात घालून. समोरचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघून गेला. मी इतका मोठा झालो, मला बघून कुणी असं हसलं नव्हतं. म्हणजे हसले असतील, पण मला लाज वाटायच्या ऐवजी, तिनं अजून हसावं, असं आधी कधी नव्हतं वाटलं.

बघा, तुम्ही पण हसलात. हसता तिच्यासारखंच, नाकातून.

नवीन झाकण केलं, बिनमोज्याचं. ती आली बघायला. डाव्या कडेला खरखर आहे म्हणाली. होती का खरखर? नव्हती. मी बोट फिरवून बघितलं, लोण्यासारखं. पण तिला वाटतंय तर घासलं. पुढच्या वेळी म्हणाली मागची जाळी तिरपी आहे. मी फूटपट्टी लावली, सरळ. तरी केली तिरपी सरळ. मग म्हणाली रंग. मग म्हणाली कोपरा. मी हरखून जायचो हो. असलं चोखंदळ गिऱ्हाईक बेंगळुरूचं पण नाही! आणि येताना कधी धपाटे, कधी शेंगाची चटणी. तोवर राखीपौर्णिमा आली. ऐका हे. राखीपौर्णिमेला मला सकाळपासून धडकी — भाऊ म्हणते, धपाटे देते, म्हणजे आज राखी घेऊन येणार. मी शटर ओढलं आणि सरळ बस धरून उदगीरला गेलो. कामच नव्हतं उदगीरला. तळ्यावर बसून आलो. पन्नाशीचा माणूस, कॉलेजातल्या पोरासारखा. दुसऱ्या दिवशी ती हजर. काल बंद का होतं म्हणाली, मी येऊन गेले. मी म्हणालो, राखी आणली होती का? तर खाली बघून म्हणाली, "नाही. मी पण तेच बघायला आले होते, तुम्ही दुकान उघडं ठेवता का."

तेव्हापासून भाऊ गेलं. आता नुसतं 'ऐकताय का' म्हणते. आणि परवा मी विचारूनच टाकलं. म्हणालो, महानंदा, आपण — तर तिनं ती कडेची खरखर परत बघितली, बराच वेळ बोट फिरवलं, आणि म्हणाली, सत्यमला विचारते. तो हो म्हणाला तर हो. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. काल एकाला अक्षरं उलटी चिकटवून दिली. आता बोला तुम्ही. झालं माझं. हो का नाही, काय ते.

काय?

मशीन न्यायला? नुसतं मशीन न्यायला आलात तुम्ही?

म्हणजे आई फोनवर — काही बोललीच नाही? अय्यो. झाकण झालं असंल, येता येता घेऊन ये — एवढंच म्हणाली?

थांबा, हा वास — मेलो. शीट. शीट गेली. बघा, झोळी पार तळाला टेकली, धूर धरला. बाजूला व्हा, तोंड तिकडं करा, वाईट असतो हा धूर. बोलत बसलो ना. मास्तर म्हणायचे, गुंडप्पा, तेरा मुँह और भट्टी एक साथ नहीं चलते. गेला बेंगळुरूचा साहेब. जाऊ द्या, दुसरी लावू.

सत्यमराव, मी बोललो ते — नाही, परत नाही घेत. घेता येत नाही. एकदा थंड झालं की झालं. पण तिच्या तोंडून ऐकायला पाहिजे होतं तुम्ही. तिनं किती दिवस शब्द जुळवले असतील, आणि मी इथं खारीच्या भट्टीपुढं — तिच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवा, माझ्यावर लई जणांनी रागावून झालंय. आणि मी काही विश्वंभर सरांच्या जागी बसायला निघालो नाही. बसता पण येत नाही, पाय बनवणाऱ्याला कळतं ते. ज्याचं जिथं होतं तिथली जागा त्याचीच. माझं पण होतं. किल्लारीकडची होती, ठरलं होतं, दसऱ्याला सुपारी फोडायची होती. गणपती उठले, आणि ती पहाट झाली. बस. तुम्हाला सांगायचं नव्हतं हे, तिला पण एवढंच सांगितलंय. त्यानंतर पाय करत राहिलो, लग्न राहून गेलं.

उठलात? बरोबर आहे. उठा.

काय विचारलंत?

परत विचारा, नीट ऐकू आलं नाही. — खरंच हसली का? हाव. खरंच. पायरीवर बसून. मी कशाला खोटं सांगू. झेरॉक्सवाल्याला विचारा. तुम्ही तिचं हसणं ऐकलंच नाही का — बाबा गेल्यापासून नाहीच? घरात पण नाही? एकदा पण?

मग तुम्ही हे मशीन न्या. त्या शेल्फवर आहे, कापडाखाली. झाकण कधीचंच झालंय. मला माहीत होतं, तिला पण माहीत होतं, मी येडाच तेवढा उगीच घासत बसायचो. नाही, आजच न्या. ठेवून जातो म्हणू नका. खालून धरा, असं, वजन मागं आहे. जपून. दार मी धरतो. आणि घरी गेलात की तिला काही बोलू नका, नुसतं मशीन टेबलावर ठेवा. तिचं इथं आता काही राहिलं नाही. काही न्यायचं नाही, काही बघायचं नाही, खरखर नाही, कोपरा नाही. आता यायला तिच्याकडं काही कारणच नाही. तरी उद्या-परवा ती जर —

जा तुम्ही. पायरी आहे, बघून. मला भट्टी खरवडायची आहे.