तीन डॉक्टर, एकच भाव

नाय नाय, बसा ना भाऊ, पिशवी माझीच हाय, घेतो मांडीवर – तर सांगत काय होतो, पहिला डॉक्टर आमच्या नामपूरचा. लघवीला उठून उठून जीव मेटाकुटीला आला म्हणून गेलो, तर रक्त तपासून म्हणला, कोंडाजी, प्रोस्टेटचा आकडा लय वर गेलाय, गाठ पण कडक लागते, कॅन्सर तर नाय ना, ते तुकडा काढून बघावं लागेल. आता बाजारात पहिल्या बोलीला कांदा कोण देतो? नामपूरला भाव पटला नाय तर आम्ही ट्रॅक्टर फिरवतो आन् सटाण्याला नेतो – आन् तिथं नामपूरचा भाव सांगायचा नसतो, सांगितला की व्यापारी तिथंच अडून बसतो. म्हणून रिपोर्ट घडी करून खिशात, आन् इथं नाशकात द्वारकेच्या डॉक्टरापुढं मी एकदम कोरा. काय होतंय? काय नाय, जरा लघवीचं. झालं – पुन्हा रक्त, पुन्हा हातमोजा, पुन्हा कुशीवर झोपा. कांदा पण कोणी असा दाबत नाय हो, आन् दाबला तर भाव तरी लगेच सांगतात. ह्यानं चार दिवसांनी सांगितला. काय? तेच. तुकडा.

मग हा गंगापूर रोडचा. थंडगार हवा, काचेच्या पेटीत मासे – मासे बघत बसलं की भ्या वाटत नाय म्हणे. मला आता माशांचंच भ्या वाटतंय. माझा नंबर? माझं झालंय मघाशीच. बसलोय असाच. घरी काय सांगू? बायकोला, नवसाबाईला सांगून येतो, कांद्याचं बी बघायला चाललो. दरवेळी बघतो आन् हात हलवत परत जातो – तिला कळत नसेल? काल भाकरी वाढता वाढता नुसती बघत राहिली. आमचा थोरला भाऊ, सहादू, त्याचं पण असंच लघवीपासून – नाय, ते जाऊ द्या.

ह्यानं पण तुकडाच सांगितला. आता बाजारात तीन व्यापारी एकच भाव बोलले ना, तर समजून जायचं, चहाच्या टपरीवर बसून आधीच ठरवलंय. हे तर शिकलेले, ह्यांची एकी अजून पक्की, एकाचं बघून दुसरा – पण कसं बघेल? रिपोर्ट तर माझ्या खिशात. मीच बघू दिला नाय कोणाला. म्हणजे तिघं आपापलं तपासून...

जा भाऊ, तुमचं नाव पुकारलं. जा ना.