एकोणीस पोरांचं एकच वाक्य

आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, संस्थेचे चिटणीस, आज निवृत्त होणारे आमचे इंग्रजीचे विभागप्रमुख, वहिनी, आणि मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. तेवढी पुरतील.

आताच तिघांनी सांगितलं, सरांसारखे इंग्रजी वाक्प्रचार कुणी शिकवत नाही. खरंय. गुन्हा आणि मैत्री हा धडा तर त्यांच्या हातचा मळ! ‘कॉट रेड-हँडेड’ म्हणजे रंगेहाथ सापडलेला. ‘कव्हर फॉर’ म्हणजे दुसऱ्याची चूक झाकणं. स्टाफरूममध्ये आम्हा दोघांना ‘पार्टनर्स इन क्राइम’ म्हणायचे. मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर फुटला, आठवतं? पेपर मी काढलेला, कपाटाची किल्ली माझ्याकडे. सरांनी ती हजेरीपट काढायचाय म्हणून दहा मिनिटं नेली होती. मित्राला कोण नाही म्हणतं? ‘स्टँड बाय’, म्हणजे पाठीशी उभं राहणं, याचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न होता. एकोणीस पोरांनी अक्षरशः एकच वाक्य लिहिलं: पुलावर माझी स्कूटर बंद पडली, तेव्हा माझा मित्र दीड तास भर उन्हात माझ्या डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभा राहिला.

चौकशी समिती म्हणाली, ही हकिकत तर तुमचीच. होतीच माझी! पण वर्तमानपत्र धरणारा कोण, हे कुणी विचारलं नाही. ती एकोणीस पोरं कुणाच्या घरी शिकवणीला जायची, तेही नाही. सर, आपण शेजारच्या खुर्चीत बसून पंखा बघत होतात. मी आपलं नाव घेतलं नाही. वाटलं, हा स्वतःहून उठेल.

विभागप्रमुखपद माझं होतं, ते आपल्याला मिळालं. ते जाऊ द्या. पण याच शाळेत माझी मुलगी दोन वर्षं ‘पेपरफोड्याची पोरगी’ म्हणून एकटी डबा खात होती. वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा काय दोष?

आज ती मागच्या रांगेत बसली आहे. मीच आणलंय तिला.

बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. सरांची माफी मात्र मी मागत नाही.

आता सत्काराला उत्तर द्यायचंय ना? ये, हा घे माइक. माझ्याकडे नको बघूस. तिच्याकडे बघून बोल.